लोण्याच्या कप्प्यातले टिपणीस काका

आमच्या फ्रिजच्या दारात सगळ्यांत वर झाकणाचा जो छोटा कप्पा होता, तो बनवणाऱ्याने लोण्यासाठी दिला होता. त्यात आम्ही चार वर्षं लोणी ठेवलं नाही. तिथे टिपणीस काकांच्या माश्या राहायच्या.

माश्या म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे ज्या आल्या त्या नव्हेत. ह्या इतक्या बारीक, की टाचणीच्या डोक्यावर चौघीजणी बसून पत्ते खेळतील. शिवाय फ्रिजमध्ये त्या उडत वगैरे नसत. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, त्यावर डिंकाने चिकटवलेली कुठल्याशा पतंगाची हजारो अंडी, आणि एकेका अंड्यात एकेक माशी मुडपून झोपलेली. ह्याला ट्रायकोकार्ड म्हणतात. गारव्यात ठेवलं की आतली मंडळी जास्त दिवस झोपतात. बाहेर काढलं की एकदोन दिवसांत उठतात, मक्यावरच्या खोडकिड्याची अंडी हुडकतात आणि त्यांत आपली अंडी घालतात. मग त्या अंड्यातून अळी निघतच नाही. निघते ती आणखी एक माशी.

"अळी मारायची नाही, जगताप," काका मला समजावत. "ती जन्मालाच येऊ द्यायची नाही. सरकार भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण काढून वेगळं काय सांगतंय?"

काका आमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्याकडे फ्रिज नव्हता आणि घेण्याचा विचारही नव्हता. "शिळं राहायला आधी ताजं उरावं लागतं," असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला होता. पुण्याच्या एका जुन्या मित्राकडून ते कार्डं मागवायचे. ती एसटीच्या कंडक्टरच्या हाती थर्मासमधून यायची, आणि पनवेलच्या स्टँडवर उतरवून घेऊन काका त्या थर्मासमध्ये मासळी बाजारातला बर्फ भरायचे. त्यामुळे आमच्या लोण्याच्या कप्प्याला बोंबलाचा वास असे.

रोज सकाळी साडेसहाला आमची बेल वाजायची. दार उघडलं की काका विचारायचे, "सूनबाई, मंडळी झोपलीत ना?"

सुरुवातीला माझी बायको सुनंदा भाबडेपणाने सांगायची, "नाही काका, हे उठलेत. चहा घेतायत."

"तो नव्हे. आतली मंडळी."

मग ते फ्रिज उघडायचे, कार्ड भिंगाखाली धरायचे, समाधानाने मान हलवायचे आणि चहा घेऊन जायचे. घरात मी आहे की नाही ह्याची चौकशी त्यांनी चार वर्षांत एकदाही केल्याचं मला आठवत नाही. मी एकदा चिडून म्हणालो, "काका, जरा उशिरा येत जा की. सातला." ते म्हणाले, "मी चारपासून जागाच असतो रे. अडीच तास कसेबसे काढून येतो." मला वाटलं, म्हातारपणी झोप कमी होते, त्यातलाच प्रकार असेल.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची, नवीन पनवेलमधली. इमारती नव्या, झाडं त्याहून नवी, आणि माणसं कुठून कुठून आलेली. मी साताऱ्याकडचा. तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. आमच्या सोसायटीच्या मागे कुंपणाच्या आत जमिनीचा एक लांबट तुकडा मोकळा पडला होता. तिथे बिल्डरने बाग दाखवली होती, अर्थात कागदावर. काकांनी राहायला आल्याच्या पहिल्याच पावसाळ्यात कुणालाही न विचारता तिथे मका लावला.

काका आयुष्यभर सरकारी नोकरीत गावोगाव फिरून पिकांवरच्या किडी पाहत होते. निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नव्हती. भाजीवाल्याकडे सगळे जण चांगली वांगी निवडतात, काका किडकी निवडायचे. खिशात भिंग, काखोटीला छत्री. ही छत्रीसुद्धा पावसासाठी नसे. ती उघडून उलटी धरायची, मक्याचं झाड तिच्यावर वाकवून हलवायचं आणि छत्रीत काय काय पडलं ते मोजायचं. भर पावसात छत्री उलटी धरून भिजणारा मी पाहिलेला हा एकच माणूस.

खोडकिडा तसा आमच्या भागातला नव्हे. मागच्या तबेल्याच्या मालकाने म्हशींसाठी घाटावरून कडबा आणला आणि त्या ताटांच्या पोटात बसून ही अळी आली, असा काकांचा शोध होता. "फुकट प्रवास, वर राहायची सोय," काका म्हणायचे. मी त्यांना म्हटलं, "बाहेरून आलेली आहे ना, मग मारून टाका की." त्यावर जवळ उभा असलेला आमचा दूधवाला, जो तिथल्या मूळ गावातला होता, शांतपणे म्हणाला, "जगतापसायेब, तुमी पन घाटावरूनच आलात. आमी तुमाला कंदी काय केला?" मी तो विषय पुन्हा काढला नाही.

काकांच्या लढाईच्या तऱ्हा पाहण्यासारख्या होत्या. मक्याच्या शेंड्यात कोवळ्या पानांची जी पुंगळी असते, तिला पोंगा म्हणतात. अळी तिथून आत शिरते आणि खोड पोखरते. काका प्रत्येक पोंग्यात चिमूटभर चुलीची राख टाकायचे. पाखरांना बसायला जागोजागी काठ्या रोवल्या होत्या, त्यांवर भाताची शितं ठेवायचे. "आधी भात, मग सामिष," असं पाखरांना सांगताना मी त्यांना स्वतः ऐकलंय. कडेने हत्तीगवताची एक ओळ लावली होती, ती अळ्यांना आंदण दिलेली. मादी पतंग तिकडेच जास्त अंडी घालते म्हणे. काका तिला "बाई" म्हणायचे. "काल बाई येऊन गेल्या. पानामागे अंडी आहेत. बांगड्याच्या खवल्यांसारखी, एकावर एक लावलेली. हात किती सुबक आहे बघ बाईंचा!"

विषाचं नाव मात्र काढायचं नाही. कोणी साधी ढेकणाची पावडर आणली तरी काका जिन्यात थांबून विचारायचे, "ढेकणाचं म्हणणं ऐकून घेतलंत का?" हे त्यांचं पालुपद. अळीचं म्हणणं ऐका, ढेकणाचं ऐका, झुरळाचं ऐका. माझं म्हणणं सुनंदासुद्धा ऐकत नसे, त्यामुळे मला ह्या किड्यांचा हेवा वाटायचा.

कणसं तयार झाली की काका घरटी चार वाटायचे. पण पहिली दोन बाजूला काढलेली असत, सोमीसाठी. सोमी म्हणजे पळस्प्याच्या पलीकडे डोंगराच्या कडेला कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची, पावसाळ्यात रानभाज्या घेऊन आमच्या वसाहतीत यायची. "वैनी, टाकला घ्या, कवला हाय," अशी हाक आली की सुनंदा खाली जायची. काका ती दोन कणसं सोमीच्या हातात द्यायचे. ती हसून घ्यायची, पाटीत भाजीच्या पाल्याखाली ठेवायची आणि जायची. काका ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहायचे. बाकी आम्हांला कणसं वाटताना ते "सोलून खा, जास्त भाजू नका" असली भाषणं ठोकायचे. तिला कधी काही सांगायचे नाहीत.

ज्या वर्षीची ही गोष्ट आहे, त्या वर्षी आमचे चेअरमन ढवळे ह्यांच्या वरणात अळी निघाली.

निदान ढवळे तसं म्हणाले. त्यांनी ती वाटीसकट सोसायटीच्या मीटिंगला आणली. ढवळे मोठे शिस्तीचे गृहस्थ. "प्रोसिजरप्रमाणे" हा शब्द लावल्याशिवाय ते शिंकतही नसत. त्यांनी वाटी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मागच्या मक्यातली कीड आता घराघरात शिरलेली आहे. प्रोसिजरप्रमाणे मी फवारणीचा ठराव मांडतो. कुठलं औषध फवारायचं ते पंपवाला ठरवेल."

काका उठले. खिशातून भिंग काढलं, वाटीवर वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"जिरं आहे," काका म्हणाले.

हशा पिकला. ढवळ्यांची बायको मान खाली घालून पदराशी चाळा करायला लागली. पण चेअरमन असे हरणारे नव्हते. "आज जिरं आहे टिपणीससाहेब, उद्या अळी असेल. ठराव ठरावाच्या जागी," असं म्हणून त्यांनी हात वर करायला लावले. बहुतेक हात वर गेले. काकांनी पंधरा दिवसांची मुदत मागितली. शेवटी असं ठरलं, की एकच रविवार मध्ये सोडून पुढच्या रविवारी ढवळे स्वतः झाडं मोजतील. शंभरांत दहापेक्षा जास्त पोंगे खाल्लेले निघाले तर पंपवाला आत, आणि पुढच्या वर्षीपासून मका बंद.

मी मोठ्या माणसाच्या थाटात काकांना जिन्यात गाठलं. "काका, कशाला एवढं मनाला लावून घेता? एकदा फवारा मारू द्या. पंधरा दिवसांनी कणसं खायची. बाजारातली खातोच की आपण."

काका जिन्याच्या पायरीवर बसले. मला वाटलं, आता अळीचं म्हणणं ऐकावं लागणार. पण ते वेगळंच बोलले.

"तुला ठाऊक आहे जगताप, सोमी माझी कणसं खात नाही."

मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी पळस्प्याच्या थांब्यावर मी तिला ती दोन कणसं कठड्यावर नीट ठेवून, रिकाम्या हातांनी निघून जाताना पाहिलं होतं. काकांना वाईट वाटेल म्हणून मी बोललो नव्हतो.

"मी नोकरीत नवा होतो," काका म्हणाले. "त्या वर्षी लष्करी अळी आली होती. मी पावडरची पोती आणि धुरळायचं यंत्र घेऊन निघालो. कोणी बोलावलं नव्हतं. सोमीच्या झोपडीमागे मक्याची दहावीस झाडं होती, तीसुद्धा मी पांढरी करून टाकली. दोन आठवडे खाऊ नका म्हणून भाषण दिलं. शुद्ध मराठीत, अर्धा तास. तिने मान हलवली. साहेब बोलतोय म्हटल्यावर ती माणसं मान हलवतातच रे. कळलं का, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या कोंबड्या मेल्या. आणि चार वर्षांचं पोर, त्याने कणीस तोडून तसंच खाल्लं."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"वाचला. आठ दिवस दवाखान्यात होता. आता वीटभट्टीवर मुकादम आहे, तुझ्यापेक्षा मोठी मिशी आहे त्याला. पण ते आठ दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून काढले. ती मला एका शब्दाने बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाहेर आली आणि मलाच विचारते, 'साएब, तुमी जेवला का?'"

काकांनी भिंग काढलं आणि उगीचच धोतराच्या सोग्याला पुसलं.

"नंतर एकदा म्हणाली होती, मक्याला वास येतो अजून. बस्स, एवढंच. चार वर्षं मी देतोय ती कणसं ती नेते, ते माझं मन मोडू नये म्हणून. मलाही कळतं, तिलाही कळतं. तिने एकदा खावं, एवढीच माझी इच्छा आहे. आणि ती देताना माझ्या तोंडून 'ह्यावर काही मारलेलं नाही' हे खरं निघालं पाहिजे. ह्या वर्षी एक थेंब जरी पडला तरी मी तिला काय तोंड दाखवू?"

मी त्यांना शब्द दिला, की मक्यावर थेंब पडू देणार नाही. वर आणखी असंही म्हणालो, की माझ्याकडून काही मदत लागली तर हक्काने सांगा. माणसाने असली वाक्यं जपून बोलावीत.

काकांनी पुण्याहून कार्ड मागवलं. मधल्या शनिवारी ते आलं. सुनंदा दोन दिवस माहेरी गेली होती, रविवारी सकाळी परतणार होती. शनिवारी संध्याकाळी काका म्हणाले, "कार्ड आता बाहेर काढून ओट्यावर ठेव. मंडळी उठायला आलीत. उद्या सकाळी पट्ट्या कापून पानांना टाचू." मी कार्ड काढून ओट्यावर ठेवलं आणि ते साफ विसरून गेलो.

रविवारी पहाटे उठून मी दूध तापवायला ठेवलं आणि पेपर वाचत बसलो. पुढचं बायका सांगू शकतील. दूध उतू गेलं असतं तर निदान निस्तरता आलं असतं, ते बुडाला लागून काळंठिक्कर झालं. पातेलं सुनंदाच्या आईने दिलेलं. सुनंदा तासाभरात येणार. मी राख लावली, नारळाची शेंडी लावली, काही हटेना. तेवढ्यात ओट्यावर मला पॉलिश पेपरचा एक तुकडा दिसला.

इथे मला एक सांगितलं पाहिजे. मी स्टोअरकीपर आहे. पॉलिश पेपर नुसता अंगठ्याने चाचपून मी त्याचा नंबर सांगतो, तळोज्यात माझी त्याबद्दल ख्याती आहे. मी तो तुकडा चाचपला आणि मनाशी म्हणालो, एकशे वीस नंबर, पातेल्याला उत्तम. आणि घासायला लागलो. खरंच उत्तम निघत होतं.

साडेसहाला बेल वाजली. काका दारात उभे, हातात कात्री आणि टाचण्यांची डबी. "उठली का मंडळी?"

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मी ओट्याकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्याच्यावर आता साबणाचा फेस होता. हजारो माश्या, शब्द दिलेला, सोमी, तिच्या कोंबड्या, सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं.

काकांनी माझ्या हातून कार्ड घेतलं. भिंग काढायची गरजच नव्हती. पातेल्यात डोकावून ते म्हणाले, "भांडं मात्र लख्ख निघालंय." आणि पाठ फिरवून जिना उतरून मागे मक्यात गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

सुनंदा आली तेव्हा मी पातेलं हातात धरून तसाच बसलो होतो. सगळं ऐकल्यावर ती मला काय काय बोलली ते इथे देत नाही. मग तिने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि विचारलं, "ती अंडी दिसतात कशी?"

"बांगड्याच्या खवल्यांसारखी, असं काका म्हणतात."

"मग माश्या कशाला पाहिजेत? आम्ही काय मेलोय?"

पंधरा मिनिटांत आमच्या जिन्यातल्या सात बायका मक्यात उतरल्या. नुसत्या सात नव्हे, आठ. आठवी ढवळ्यांची बायको होती, जिऱ्याची. आम्ही पुरुषही गेलो, चष्मे लावून. पण खरं सांगतो, आम्हांला एक अंडं सापडलं नाही. रोज तांदूळ निवडणारे हात पानामागून नुसते फिरत जात आणि थांबले की तिथे अंडी असतच. तेवढा पानाचा तुकडा कापायचा आणि ताटलीत ठेवायचा. काका एका बाजूला उभे राहून पाहत होते.

थोड्या वेळाने सुनंदा म्हणाली, "काका, ही खराब झालेली दिसतात. काळी पडलीत. टाकून देऊ?"

काका धावत गेले. भिंग लावलं. मग दुसरा तुकडा पाहिला, तिसरा पाहिला, आणि धोतरासकट चिखलात बसले. सुनंदा घाबरली. मी पाणी आणायला निघालो.

"थांब रे," काका म्हणाले. "काळी पडली म्हणजे आत माश्या आहेत. आपल्या नव्हेत, आपल्या ह्याने घासल्या. ह्या इथल्या आहेत. आपल्या आपण आल्यात!" मग उठून त्यांनी मलाच मिठी मारली, चिखलासकट. "चार वर्षं मी पाहुण्या आणत होतो पुण्याहून. इथे ह्यांनी बिऱ्हाड केलंय आणि मला पत्ता नाही! विष नाही पडलं म्हणून राहिल्या, जगताप. कोणी मारलं नाही म्हणून राहिल्या."

मग फतवा निघाला. पिवळी अंडी ताटलीत, काळी अंडी झाडावर तशीच. काळ्याला हात लावेल तो सोसायटीबाहेर.

ह्याच गडबडीत सोमी भाजी घेऊन आली. खाली उतरून आलेली सगळी सोसायटी मक्यात वाकलेली पाहून ती पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. मग काकांच्या जवळ गेली.

"साएब, दवा नाय मारनार?"

"नाही," काका म्हणाले.

"ही सगली मानसं काय हुडकतात?"

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता अर्धा तास. पण त्यांनी फक्त पान उलटून दाखवलं, आणि मग विचारलं, "कळलं का?"

"कललं की," सोमी म्हणाली. तिने पाटी खाली ठेवली. "हातानं करतात तं मी बी करते." दुपारपर्यंत तिने एकटीने जेवढी अंडी काढली तेवढी आमच्या आठजणींनी मिळून काढली नव्हती. आणि ढवळ्यांच्या बायकोने तिचा सगळा टाकळा घेऊन टाकला.

पुढच्या रविवारी ढवळे वही घेऊन आले. पंपवालाही आला, पाठीवर पंप बांधून. ढवळ्यांनी शंभर झाडं प्रोसिजरप्रमाणे मोजली. चार पोंगे खाल्लेले निघाले. त्यांनी पुन्हा मोजली. तेव्हाही चारच. त्यांची बायको गॅलरीतून पाहत होती, त्यामुळे त्यांना पाचवा काढता येईना. पंपवाल्याला आमच्या घरी चहा दिला आणि तो पंप न उतरवताच गेला.

भादव्यात कणसं भरली. काकांनी पहिली दोन तोडून ठेवली. सोमी त्या दिवशी करटोली घेऊन आली होती. मी आणि सुनंदा खालीच होतो. काकांनी कणसं तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "ह्यावर काही मारलेलं नाही."

"ठाव हाय," ती म्हणाली. "मीच तं अंडी काडली."

नेहमीप्रमाणे ती कणसं पाल्याखाली ठेवील असं मला वाटलं. ती कुंपणाच्या भिंतीवर बसली. एक कणीस सोललं, केस झाडले आणि नाकाशी नेऊन बराच वेळ वास घेतला. सुनंदाने माझा दंड पकडला. मग सोमीने तसंच कच्चं कणीस खाल्लं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एक दाणा न ठेवता.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. दुसरं कणीस पाटीत ठेवलं. "येक नातीला नेते."

काका त्या वेळी एक पान उलटं करून भिंगातून बघत होते. मला म्हणाले, "जगताप, हे बघ काय आहे." मी पाहिलं. पानावर काही नव्हतं. काकांना डोळ्यांवर काहीतरी धरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बसलो होतो. साडेसहा झाले, पावणेसात झाले. बेल वाजली नाही. सात वाजले तशी सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे नुसती पाहत राहिली. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. एकटा माणूस, वय झालेलं. मी चपला न घालताच वर गेलो, मागून सुनंदा.

दाराला कान लावला. आतून घोरण्याचा आवाज येत होता. चांगला मोठा, लयीत.

मी दार वाजवायला हात उचलला, तो सुनंदाने धरला. "झोपू दे त्यांना," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही होतं, ते मी कबूल करतो.

आम्ही पावलं न वाजवता खाली आलो. सुनंदाने त्यांचा चहा झाकून ठेवला. काका साडेनऊला आले, आणि तो गरम करून प्यायले.